अकरा फोटो शिल्लक

"थांबण्यातच खरी मजा असते, आत्या," असं परवा माझा भाचा निखिल मला म्हणाला आणि माझ्या मस्तकात तिडीक उठली.

निखिल बंगळूरला नोकरी करतो. यंदा सुगीला चार दिवस माझ्याकडे जोयड्याला आला, तो गळ्यात एक जुना कॅमेरा अडकवून. रोलचा. म्हणे आता सगळे पुन्हा रोलकडे वळतायत. फोनवर काढलेल्या फोटोला आत्मा नसतो म्हणे. त्याच्या पिशवीत चार रोल होते आणि चारही मुदत संपलेले. मी म्हटलं, फसवलं की रे तुला दुकानदारानं. तर तो हसला. मुदत संपलेलेच मुद्दाम शोधून, जास्त पैसे मोजून घेतलेत. रंग कसेही उमटतात, काय येईल ते सांगता येत नाही, त्यातच गंमत! आमच्या वेळी एका रोलची मुदत संपलेली निघाली, तर माझ्या वडिलांनी रामनगरच्या दुकानदाराला भर बाजारात असं काही सुनावलं होतं, की त्यानं रोल बदलून दिला आणि वर चहा पाजला. तेच वाटोळं आता हौस म्हणून विकत मिळतं.

निखिलला सुगीचे फोटो हवे होते. म्हणून मी त्याला कुंभारवाड्याच्या पुढच्या वाडीवर घेऊन गेले. तिथल्या शाळेत मी नऊ वर्षं बाई होते. खळ्यावर भात पसरलेलं, त्यावरून ट्रॅक्टर गोल गोल फिरत होता. निखिलचा चेहरा पडला. "बैल नाहीत का गं?" मी म्हटलं, "बैलांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली." खळ्याच्या कडेला गंगामामी सुपानं भाताला वारं देत होती. आता ऐंशीच्या पुढे असेल, पण सूप धरलेले हात अजून कापत नाहीत. निखिलनं गुडघ्यावर बसून तिचा एक फोटो काढला. खटका वाजला. मामीनं सूप खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसले आणि एक हात सरळ त्याच्यापुढे पसरला.

"दाखीव बगू."

"दिसत नाही आजी यात. रोल आहे. संपला की धुवायला द्यायचा, मग."

मामीनं हात मागे घेतला. सावकाश घेतला आणि घेताना त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. सूप उचललं आणि पुन्हा वारं द्यायला लागली. परतताना गाडीत मी निखिलला विचारलं, कधी संपणार हा रोल? तर म्हणाला, सतरा झालेत, एकोणीस शिल्लक आहेत. पुढच्या महिन्यात गोव्याला जातोय, मग तिथून हंपी, तोवर पुरवून पुरवून वापरायचा. आणि मग ते वाक्य, थांबण्यातच खरी मजा असते.

त्याचं सगळंच खोटं आहे असं नाही. माझ्या फोनमध्ये आज काही हजार फोटो आहेत. नातीचा एक वाढदिवस म्हणजे तीनशे फोटो, त्यात दोनशे केकचे. मी ते पुन्हा उघडून बघत नाही. कुणीच बघत नाही. फोन तेवढा दर आठवड्याला जागा संपली म्हणून कुरकुरतो. लग्नात नवरा-नवरीकडे बघायला डोळे मोकळे नसतात, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे फोन. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, तसं जे फुकट निघतं ते कुणी बघत नाही. इथवर निखिल म्हणतो ते मला मान्य. पण रोलमध्ये प्रत्येक फोटोला किंमत होती, असं तो म्हणाला ना, तिथे माझा पारा चढला. किंमत होती हे खरं. ती कोण देत होतं ते त्याला ठाऊक नाही.

रोलची मजा मला कुणी सांगू नये. नव्वदच्या आसपास दादानं मडगावहून मला एक काळा कॅमेरा आणून दिला, तेव्हा त्या अख्ख्या वाडीत दुसरा कॅमेरा नव्हता. छत्तीसचा रोल वर्षभर चालायचा. पहिला फोटो चतुर्थीच्या गणपतीचा आणि शेवटचाही गणपतीचाच, पण पुढच्या वर्षीच्या. पाकीट उघडलं की एकाच वेळी दोन गणपती, मध्ये एक लग्न, एक बारसं आणि आमच्या हेडमास्तरांचा डोकं उडालेला देह. फोटो काढतेय म्हटलं की माणसं ध्वजवंदनाला उभी राहिल्यासारखी ताठ व्हायची, हात मांडीला चिकटलेले, श्वास आत. म्हातारी माणसं तर फोटो झाल्यावरही तशीच उभी राहत. झालं, सोडा श्वास, असं सांगावं लागे. माझं बोट काचेवर आलेलं मला दिसत नसे, ते सहा महिन्यांनी दिसे. आणि पावसाळ्यात अल्बमला बुरशी. इथल्या चार महिन्यांच्या ओलीत चपलेलाही मिशा फुटतात, फोटोचं काय घेऊन बसलात.

आमचं मूळ घर जुन्या सुप्यातलं. तो बाजार, ती घरं, सगळं धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि आमच्याजवळ त्या घराचा एकही फोटो नाही. आई शेवटपर्यंत दाराचा रंग हिरवा होता म्हणायची, वडील निळा. दोघंही त्यावरून भांडता भांडता गेली. फोटो कमी होते म्हणून मौल्यवान होते, हे वाक्य ज्याच्या घरी अल्बम होता त्यानं म्हणावं.

पण मला सांगायचं आहे ते त्या काळातल्या एका सुगीचं.

शाळेच्या खिडकीतून पुनोमामाचं खळं दिसायचं. पुनोमामा म्हणजे या गंगामामीचा नवरा. शेणानं सारवलेलं खळं, मधला खांब, त्याभोवती बैल फिरतायत, मामाचा थोरला मुलगा त्यांच्यामागून हाळी देत चाललाय. गवताची धूळ वर्गात यायची, पोरं शिंकायची आणि पाढे शिंकांसकट पुढे जायचे. सकाळी धुकं इतकं दाट, की बैलांच्या गळ्यातल्या घंटा आधी ऐकू येत आणि बैल नंतर दिसत. दुपारच्या सुट्टीत मी खळ्यावर जायची. नव्या भाताचे पोहे, वर ओलं खोबरं आणि गूळ. त्या पोह्यांची चव आज कुठल्या दुकानात मिळाली तर मी त्या दुकानातच मुक्काम टाकीन.

त्या वर्षी मामा बैलांमागे नव्हता. कडेला बसून होता. मी विचारलं, बरं नाही काय? तर त्यानं चुलीकडची फुंकणी मागवली. विस्तव फुंकायची ती लोखंडी नळी. ती माझ्या हातात दिली.

"बाई, एक डोळा मिटा. ह्यातनं बगा. काय दिसतंय?"

मी नळी डोळ्याला लावली. सुनेचा चेहरा दिसला. तेवढाच, एका वाटोळ्यात. नळी हलवली, तेव्हा बैलाचं शिंग. पुन्हा हलवली, मामीचा हात आणि सूप.

"अक्कं खळं दिसतंय काय येकदम?"

"नाही मामा."

"मला असंच दिसतंय आता. येक मानूस बगितला की दुसरा न्हाई. बेळगावचा डागदर म्हणाला, काचबिंदू हाय, लई उशीर केलासा. गेलेली नजर परत येत न्हाई. आनि ही फुंकणी बारीक बारीक व्हत जानार."

मी नळी खाली ठेवली. मामा मात्र हवापाण्याबद्दल सांगावं तशा आवाजात सांगत होता.

चार दिवसांनी तो शाळेत आला. माझ्या टेबलावर आदल्या वर्षीचा शाळेचा फोटो होता, चाळीस पोरं आणि आम्ही तिघं शिक्षक, सगळे हाताएवढ्या कागदावर. मामानं तो सहज उचलला, हात लांब करून डोळ्यांपुढे धरला आणि तसाच उभा राहिला.

"बाई! सगळी दिसत्यात की हो! येकदम!"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. कागद लहान होता. लांब धरला की त्या फुंकणीच्या तोंडात अख्खा मावत होता. खऱ्या खळ्यावर मामाला एका वेळी एकच माणूस दिसे. कागदावर सगळे एकत्र दिसले असते.

"माज्या घरचा आसला येक कागद करून द्या," मामा म्हणाला. फोटोला तो कागदच म्हणायचा. "सगळी खळ्यावर हुबी करतो. बैल पन. फुंकणी बंद व्हायच्या आदी येकडाव सगळ्यांस्नी येकदम बगतो. मग काय व्हायचं ते हूं दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोटो काढला. खळ्यावर नऊ माणसं ताठ उभी, डाव्या हाताला दोन्ही बैल आणि त्यांची दोरी धरलेला थोरला, मधोमध मामा. मामानं धुवट धोतर नेसलं होतं. मामीनं हिरवं लुगडं. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या बारीक खिडकीत आकडा सरकला, पंचवीस. म्हणजे अकरा शिल्लक.

आता या अकरांचं काय करायचं, हा प्रश्न मला पडलाच नाही. ही खरी लाजेची गोष्ट. रोल संपल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण आमच्यापैकी कुणालाच ते शिकवावं लागत नसे. ताटात शीत टाकायचं नाही, तसा रोलचा फोटो टाकायचा नाही. रिकामे अकरा फोटो कापून फेकून द्यायचे? पाप लागेल! प्रजासत्ताक दिनाला दोन लागणार होते, हेडमास्तरांनी तेवढ्यासाठी नवा शर्ट शिवला होता. माघात शाळेचं संमेलन, तिथे तीन. उरलेले सहा फाल्गुनात खानापूरला चुलतबहिणीच्या लग्नाला. असा हिशेब मी अभिमानानं मांडला. जणू काही फार शहाणपणाचं चाललंय.

मी शनिवारी रामनगरला घरी जायची आणि रविवारी संध्याकाळच्या मुक्कामाच्या गाडीनं परत यायची. सोमवारी सकाळी मामा शाळेच्या फाटकाशी उभा.

"बाई, कागद आला काय?"

"रोल संपला नाही मामा अजून."

"किती ऱ्हायले?"

"अकरा."

"असूं दे. सावकाश संपूं दे."

पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. प्रजासत्ताक दिन झाला तेव्हा मी म्हटलं, नऊ. मामाला आनंद झाला. "उतरलं की!" म्हणाला. त्याला वाटायचं, फोटो आत पिकतो. भाताला चार महिने लागतात, फणसाला लागतात, तसे कागदालाही लागत असतील. एकदा त्यानं संकोचत विचारलं, "आदीच उगडून न्हाई काय बगाय येत?" आणि मी, वर्गात फळ्यापाशी उभी राहते तशी उभी राहून, समजावून सांगितलं की कॅमेरा आधी उघडला तर उजेड आत शिरतो आणि सगळे फोटो जळून जातात.

हे अर्धं खरं होतं. कॅमेऱ्याच्या बुडाशी एक बारीक बटण होतं. ते दाबून वरची कडी उलटी फिरवली की रोल आपला आपल्या नळकांड्यात परत जातो, मग खुशाल उघडा. पंचवीस फोटो धुऊन मिळाले असते. अकरा कोरे गेले असते, बस्स. रामनगरातून दर आठवड्याला रोल बेळगावला जात, पंधरा दिवसांत कागद मामाच्या हातात पडला असता. मला ते बटण माहीत होतं. आणि माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही, की मामाकडे दिवस किती आहेत. फुंकणीला डोळा मीच लावला होता.

संमेलन झालं. सहा उरले. त्यानंतर मामा फाटकाशी एकटा येईना, मामीच्या खांद्यावर हात ठेवून यायला लागला. मी ते पाहिलं. पाहिलं आणि "सहा" म्हणून वर्गात गेले.

खानापूरच्या लग्नातले ते सहा फोटो आजही माझ्याकडे आहेत. त्यातली चार माणसं मला आता ओळखूही येत नाहीत. एकात बँडवाल्याची पाठ आहे. एकात नुसती जिलेबीची परात. माणूस नाही, काणूस नाही, परात! त्या परातीसाठी पुनोमामा थांबला होता.

चैत्र लागता लागता पाकीट आलं. फोटो इतका चांगला आला होता, की माझ्या आयुष्यात पुन्हा तसा आला नाही. नऊच्या नऊ चेहरे स्वच्छ, कुणाचा डोळा मिटलेला नाही, बैलांच्या पाठीवर सकाळचं ऊन. गाडीतून उतरले ती, पिशवी खोलीवर न टाकता, सोमवारची वाट न बघता मी मामाकडे गेले. त्या दिवशी काही कारणानं गाडी दुपारीच आली होती. मामा अंगणात बाजेवर बसला होता.

"मामा, कागद आणलाय."

त्यानं दोन्ही हात पुढे केले. कागद घेतला, धोतराला बोटं पुसून पुन्हा नीट धरला. हात लांब केला, शाळेत केला होता तसाच. मग थोडा जवळ आणला. पुन्हा लांब. मान एका बाजूला कलती करून पाहिलं, मग दुसऱ्या. मामी दारात उभी होती. तिनं पदर तोंडाशी नेला.

"बाई," मामा म्हणाला, "ऊन कमी हाय काय आज?"

चैत्रातली दुपार होती. अंगणात पाय ठेवला तर फोड यावा असं ऊन.

"हो मामा," मी म्हटलं. "ढग आलेत."

"तसंच म्हटलं मी. मग उद्या बगतो." त्यानं कागद फडक्यात गुंडाळला आणि बाजेच्या उशाशी ठेवला.

आषाढात मी पुन्हा गेले तेव्हा घरात कुणी पाहुणे आले होते आणि मामा त्यांना फोटो दाखवत होता. फोटो उलटा धरला होता. खळं वर, माणसं डोक्यावर उभी. मामा एकेका जागी बोट ठेवून सांगत होता, "हा माजा थोरला, ही सून, ही हिरवं लुगडं नेसलेली आमची मंडळी." बोट बैलाच्या खुरावर होतं, आभाळावर होतं, पाहुणे मान डोलावत होते. सून गप्प. मामी गप्प. आयुष्यभर मी पोरांच्या चुकांवर लाल शाईनं रेघा मारल्या, वेलांटीसुद्धा सोडली नाही. त्या दिवशी मी खाली बसले आणि म्हटलं, होय मामा, सगळे छान आलेत. पुढे तीन वर्षांनी मामा गेला. तोवर तो फोटो कोपऱ्यांनी मऊ पडून कापडासारखा झाला होता.

म्हणून मला रोलचं गुणगान सहन होत नाही. थांबण्यात मजा असते म्हणणाऱ्याला कधीच थांबावं लागलेलं नसतं. थांबतो तो फोटोतला माणूस, बटण दाबणारा नाही. आम्हाला वाट बघण्याची शिस्त होती, आम्ही एकेक क्षण जपून टिपत होतो, हे असलं सगळं गोडगोड आता सांगायला बरं. जपत होतो ते क्षण नव्हे. कोरा रोल जपत होतो आम्ही. माणूस समोर आंधळा होत होता आणि मी जिलेबीच्या परातीसाठी जागा राखून ठेवली होती! आज त्या वाडीतली कुणीही पोरगी फोन काढते, आजोबांना उभं करते, पुढच्या क्षणी तळहाताएवढं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे धरते. आत्मा नसेल त्यात. नसू दे. मामाला आत्मा नको होता, नऊ माणसं हवी होती.

हे सगळं मी परवा निखिलला सांगितलं नाही. रागात मला नीट बोलता येत नाही. काल सकाळी मात्र त्याला म्हटलं, चल, पुन्हा खळ्यावर जाऊ, आणि कॅमेरा घे.

गंगामामी खळ्यावरच होती, पान लावत होती. चुना ज्या डबीतून काढत होती ती काळी प्लास्टिकची, करड्या झाकणाची. माझ्याच रोलची डबी, त्या काळी मीच दिलेली. मी निखिलच्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला. मामीला म्हटलं, इकडे बघा. एक काढला. मग तिच्या सुनेचा काढला. ट्रॅक्टरचा काढला. मग गवताच्या गंजीचा, कोंबडीचा, कोंबडी पळाली त्या रिकाम्या जागेचा. निखिल आधी हसला, मग ओरडायला लागला, "आत्या, अगं काय करतेस? काहीतरी बघून तरी काढ!" मी आभाळाचे काढले, माझ्या चपलेचे काढले. रोल सरकवायची दांडी ओढायची, खटका दाबायचा, ओढायची, दाबायचा.

"कोंबडीचा कशाला हो, बाई?" मामीनं विचारलं.

"संपवतेय, मामी."

मामीचा पान धरलेला हात थांबला. मग तिनं पान तोंडात घातलं आणि मान खाली करून डबीचं झाकण लावलं.

शेवटी दांडी अडकली. पुढे सरकेना. मी कॅमेरा निखिलच्या हातात दिला आणि म्हटलं, आता गुंडाळ आणि आजच्या आज धुवायला पाठव.

"एकोणीस फोटो वाया घालवलेस, आत्या," तो म्हणाला. रडवेला झाला होता.

"अकराच घालवायचे होते," मी म्हटलं. "तेव्हा घालवले नाहीत."